गणपतीच्या शाळेतला कॉम्प्रेसर आणि टाकीतलं पाणी

नागपंचमीचे नाग देऊन झाले की आमच्या शाळेत खरी घाई सुरू होते. शाळा म्हणजे गणपतीची शाळा. सिंधुदुर्गात मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात. आमची घराच्या पडवीत आहे, आजोबांच्या वेळेपासून. २०२४ साली नागपंचमी ९ ऑगस्टला आली आणि चतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे हातात जेमतेम चार आठवडे. फळ्यांवर १४० पाट मांडलेले होते. लोक आषाढातच आपापल्या घरचा पाट आणून देतात, पाटाखाली खडूने नाव लिहिलेलं असतं, आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडतो. त्यामुळे एखादी मूर्ती बिघडली तर दुसरी उचलून देता येत नाही. ज्याचा पाट त्याचा गणपती.

कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रेसाठी हवा दाबून टाकीत भरणारं मशीन, मी २०२१ साली घेतला. दोन हॉर्सपॉवरची मोटर, ५० लिटरची आडवी टाकी, आठ किलो दाबाला (म्हणजे चौरस सेंटीमीटरला आठ किलो) बंद होणारा आणि सहा किलोला परत चालू होणारा. त्याआधी वडील अंगाचा रंग ब्रशने द्यायचे. स्प्रेने तो रंग असा बसतो की हाताची खूण राहत नाही, गालाची गोलाई नुसत्या सावलीने उठते. तीन मोसम त्या मशीनने मला उत्तम साथ दिली. त्या तीन मोसमांत मी टाकीतलं पाणी एकदाही काढलं नाही. काढायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

१२ ऑगस्टची संध्याकाळ. बाहेर धो धो पाऊस. वरच्या वाडीतल्या एका घरचा दोन फुटी गणपती समोर होता, चेहऱ्यावर अंगरंगाचा शेवटचा हात चालू होता. स्प्रेची गन एकसारखी फुसफुसत होती आणि मध्येच अडखळून थुंकली. डाव्या गालावर तीन थेंब पडले, मोहरीएवढे. आमचा रंग पाण्यातला. ओल्या रंगावर पाणी पडलं की ते रंगाला घेऊनच खाली उतरतं. बघता बघता सोंडेच्या बाजूने तीन ओघळ गेले आणि खालचा पांढऱ्या रंगाचा हात, म्हणजे थर, उघडा पडला. ओघळाची कड तांबूस होती. मी त्या मूर्तीपुढे बराच वेळ नुसता उभा राहिलो.

आधी गन खोलली. नोझल धुतलं, सुई पुसली, रंग फडक्यातून दोनदा गाळला. प्लायच्या तुकड्यावर मारून बघितलं तर पाचेक मिनिटं झकास चाललं आणि पुन्हा तेच. मग गनमधला रंग काढून टाकला, पांढरा कागद खिळ्याला लावला आणि नुसती हवा मारली. कागदावर बारीक बारीक तपकिरी ठिपके उमटले. रंगाचा दोष नाही, गनचा नाही, हवाच ओली येत होती.

आणखी एक खूण महिनाभर समोर होती. मोटर पूर्वीपेक्षा लवकर लवकर चालू होत होती. पूर्वी एक फुटी मूर्ती पूर्ण व्हायची तेव्हा ती एकदा उठायची, आता कधी कधी दोनदा. मला वाटलं, मशीन जुनं होत चाललं.

आमच्या शेजारच्या आबांनी मुंबईत चाळीस वर्षं गॅरेजमध्ये काढली. त्यांना हाक मारली. छत्री कोपऱ्यात टेकवून ते मशीनपाशी उकिडवे बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टाकीतला पाणी कधी काढलंस रे?"

"पाणी? खयचा पाणी?"

"वाऱ्यावांगडा आत गेलेला." म्हणजे हवेबरोबर आत गेलेलं.

त्यांनी बोटाच्या पेराने टाकीवर वरून खाली टकटक करत आणलं. वरच्या अंगाला भांड्यासारखा खणखण आवाज. खाली येता येता एका ठिकाणी आवाज एकदम बसला, मडक्यात पाणी असावं तसा. आबांनी तिथे खडूची रेघ मारली. "आयकलंस? हयसर पातूर भरला हा." रेघ तळापासून टाकीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर होती.

पन्नास लिटरच्या टाकीत हवेला जागा राहिली होती ती रेघेच्या वरचीच. मोटर वारंवार का उठत होती, ते तिथेच कळलं.

टाकीच्या पोटाखाली, अगदी मधोमध, एक छोटा पितळी कॉक असतो. मी तो तीन वर्षांत हाताने कधी चाचपलाही नव्हता. आबांनी सांगितल्याप्रमाणे आधी स्विच बंद केला, प्लगही काढला, कारण दाब उतरला की प्रेशर स्विच मोटर आपोआप चालू करतो आणि आपण खाली वाकलेलो असतो. मग गनमधून हवा सोडत काटा एक किलोवर आणला. एवढा दाब शिल्लक ठेवला तर पाणी जोरात ढकललं जातं आणि तळाचा गाळही निघतो. आठ किलोवर कॉक उघडणं मात्र वेडेपणा आहे. गंजाचे कण बंदुकीच्या छर्‍यासारखे येतात. मी डोळ्यांना चष्मा लावला, खाली रंगाची रिकामी बादली सरकवली आणि कॉक फिरवायला गेलो. तो हलेना. चिमट्याने धरला तर पितळ सोलायला लागलं. मी सवयीने हातोडीकडे हात नेला तसा आबांनी मनगटच धरलं.

"टाकयेत वारो आसताना हातोडो लावूचो नाय. कधीच नाय."

ते मुंबईत काय बघून आले होते ते मी विचारलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून विचारावंसंही वाटलं नाही. उरलेला एक किलोही सोडला. काटा शून्यावर आला तरी त्यावर विश्वास ठेवू नये म्हणून त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढायला लावली. काटा अडकलेला असू शकतो, कडी ओढल्यावर फुस्स झालं नाही म्हणजे टाकी खरंच रिकामी. मग कॉकच्या आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी पाना लावला तेव्हा कॉक करकरत अर्धा आटा फिरला. पाणी आलं नाही. आणखी एक आटा, तरी एक-दोन थेंबच. आत दाब नाही आणि वरून हवा शिरायला वाट नाही, तर पाणी येणार कुठून? तोंडावर बोट धरलेल्या नळीतून येत नाही तसंच. वरच्या होजचा कपलर काढला आणि पूर्ण कॉकच आट्यांतून सोडवला. तेव्हा आलं. आधी चॉकलेटी चिखल, भाताच्या खाचरात पाय घातल्यावर वर येतो तसा. मग चहाच्या चोथ्यासारखे गंजाचे पापुद्रे. त्यानंतर बराच वेळ दुधाळ तांबूस पाणी, वर तेलाचा तवंग. पिस्टनचं तेल हवेबरोबर थोडं थोडं टाकीत येतं आणि पाण्यात घुसळलं जाऊन असं दुधाळ होतं. वास विहीर उपसताना तळाशी येतो तसा, त्यात जुनं तेल मिसळलेलं. दहा लिटरची बादली भरली. टाकी कॉकच्या बाजूला कलती केली तर आणखी तांब्याभर निघालं. टाकी हलकी झालेली हाताला कळत होती.

एवढं पाणी आलं कुठून, हे मला डोक्यातून काढता येईना. रात्री भाच्याबरोबर बसून गणित मांडलं, तो कुडाळला डिप्लोमाला आहे. ३० अंश तापमानाची हवा वाफेच्या रूपात जास्तीत जास्त घनमीटरला ३० ग्रॅम पाणी धरते. श्रावणातली आमच्याकडची ओली हवा म्हणून आम्ही २६ ग्रॅम धरले. आठ किलोला दाबायचं म्हणजे बाहेरची नऊ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबायची. नऊ घनमीटरचं पाणी झालं २३४ ग्रॅम. पण हवा किती वाफ धरणार ते तिच्या जागेवर आणि तापमानावर ठरतं, दाब वाढवल्याने तिची ताकद वाढत नाही. एका घनमीटरच्या जागेत त्याच तापमानाला मावणार ३० ग्रॅमच. उरलेले दोनशे ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या भिंतीला लागून खाली उतरतात. ओलं फडकं पिळावं तशी ही हवा पिळली जाते. आमचं मशीन तासभर सलग चाललं तर साधारण सहा घनमीटर हवा ओढतं, म्हणजे तासाला सव्वाशे-दीडशे मिली पाणी. रोज तासभर धरला तर रोजचा एक पेला. मोसमाचे सत्तर दिवस आणि असे तीन मोसम धरले तर मला बादलीभर मिळालं हे कमीच, बाकीचं गनमधून मूर्तींवर गेलं असणार. गेल्या दोन वर्षांत काही मूर्तींच्या अंगाला बारीक डाग पडले होते आणि मी ते रंगवाल्याच्या माथी मारले होते.

त्यातही वाईट हे की मोसम संपल्यावर मी मशीन ताडपत्रीत गुंडाळून माळ्याखाली ठेवायचो. पाणी आतच. नऊ-नऊ महिने.

आबा म्हणाले, टाकी तपासून घेतल्याशिवाय हवा भरायची नाही. मला मूर्ती दिसत होत्या, दिवस मोजून उरलेले, तरी मी ऐकलं. कारखान्यात अशा दाबाच्या टाक्यांवर कायद्याचं लक्ष असतं, ठराविक मुदतीने तपासणी होते. घरच्या पडवीतल्या टाकीकडे बघायला आपल्याशिवाय कुणी नाही, आणि माझ्या पडवीत तर सुट्टीच्या दिवशी वाडीतली पाच-सहा पोरं माती मळायला बसलेली असतात.

कुडाळच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये टाकी नेली. पंप आणि मोटर वरून उतरवली. तपासणी हवेने करत नाहीत, पाण्याने करतात. हवा दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते, टाकी फाटली तर ती सगळी ताकद एका क्षणात बाहेर येते. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे फाटलंच तर चिरेतून जरासं पाणी येऊन दाब तिथेच संपतो. सगळी भोकं प्लगने बंद करून वरच्या भोकातून काठोकाठ पाणी भरलं, बुडबुडा राहिला नाही याची खात्री केली आणि हातपंपाने दाब चढवत नेला. दोन, चार, सहा. आठला थांबले. मग बारापर्यंत, म्हणजे चालवायच्या दाबाच्या दीडपट.

मिस्त्रीने टाकी कोरड्या फडक्याने पुसली आणि तळाला खडू घासला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पंधरा मिनिटं काही नाही. मला हायसं वाटायला लागलं. मग कॉकच्या भोकापासून दोन बोटांवर खडूच्या पांढऱ्या पट्ट्यात डाळीएवढा काळा ठिपका दिसला. मिस्त्रीने पुसला, परत खडू लावला. ठिपका परत आला. पाण्याचा थेंबसुद्धा सुटत नव्हता, नुसती ओल. काटा मात्र बारावरून साडेअकरावर आला होता.

वेल्डिंगचा टाका मारून देतो, असं तिथल्या एकाने म्हटलं. आबांनी मान हलवली. "हेका वेल्डिंग मारूचा नाय. एक भोक दिसला, आजूबाजूचा पत्रो तसोच आसतलो." तेच खरं होतं. आणि हे मला दिसावं म्हणून, किंवा ही टाकी पुढे कुणी भंगारातून उचलून वापरू नये म्हणून, आम्ही ती तिथेच मधोमध कापून घेतली.

ते आतलं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. वैशाखात विहिरीच्या चिऱ्यांवर पाण्याची पातळी रेघ ओढून ठेवते, तशी टाकीच्या पोटात सरळ रेघ होती, आबांनी बाहेरून मारलेल्या खडूच्या रेघेच्या बरोब्बर आत. रेघेच्या वर करडा पत्रा, कुठे कुठे फिकट तांबूस झाक, बाकी नवाच. रेघेच्या खाली गंजाचे थर, नख लावलं की पापडीसारखे सुटणारे, आणि थर काढला की खाली देवीच्या वणांसारखे खड्डे. कापलेली कड नेमकी एका खड्ड्यातून गेली होती. मिस्त्रीने व्हर्नियर लावून दाखवला. वर पत्रा अडीच मिलीमीटर, खड्ड्यापाशी एकही भरत नव्हता. याच टाकीत मी दिवसातून दहा वेळा आठ किलो दाबाची हवा भरत होतो आणि मुलगी शेजारी बसून मातीचे उंदीर करत होती.

घरी येऊन मशीनचं माहितीपत्रक काढलं. ते अजून प्लास्टिकमध्येच होतं. त्यात चित्रासकट लिहिलं आहे, रोज काम संपल्यावर टाकीतलं पाणी काढा.

जुना पंप आणि मोटर चांगली होती, त्यामुळे फक्त नवी टाकी घेतली, तीही तपासणीचा शिक्का बघून. या वेळी कॉक हाताला येईल असाच बसवला. टाकीखालच्या भोकाला एल्बो (काटकोनी जोड), त्याला हातभर पाइप आणि पाइपच्या टोकाला पुढच्या बाजूस बॉल व्हॉल्व्ह, आट्यांना टेफ्लॉन टेप. आता वाकायचं काम नाही, दांडी पाव फेरा वळवली की झालं. टाकीच्या दुसऱ्या टोकाच्या पायाखाली लाकडाची चिप सारली आहे, त्यामुळे पाणी कॉककडेच उतरतं. हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप पूर्वी मशीनलाच खेटून होता, तो उपयोगाचा नव्हता. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफ होऊनच त्यातून निघून जातं आणि पुढे होजमध्ये थंड झाल्यावर थेंब होतं. आता होज वाशावरून फिरवून नेली आहे, दहा मीटरची, आणि ट्रॅप गनच्या अलीकडे लावला आहे.

रोज संध्याकाळी काम थांबलं की प्लग काढायचा, हवा एक किलोवर आणायची, व्हॉल्व्ह हळू उघडायचा. आधी फस्स करून तांबूस फवारा, मग पाण्याची धार, मग धार तुटत तुटत नुसती हवा. रात्रभर व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो. टाकीच्या आतल्या भिंतींना चिकटलेलं पाणी रात्रभरात हळूहळू तळाशी उतरतं. पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करून सकाळी पुन्हा उघडून बघितला, तर तळात चमचाभर पाणी जमलेलं होतं.

निघालेलं पाणी औषधाच्या मापाच्या पेल्यात धरतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहितो. २० ऑगस्ट ११० मिली. २२ तारखेला मशीन दोन तास चाललं, २२५. उघडीप असली की आकडा उतरतो, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. पावसाळ्यानंतर घरच्या सुतारकामाला मशीन काढलं तेव्हा डिसेंबरात तासाला साठ मिलीपेक्षा जास्त निघालं नाही. मे महिन्यात मात्र, आकाशात ढग नसतानाही, श्रावणाच्या जवळपास जातं. समुद्र जवळ असण्याचं हे असं.

पाणी ओतायचं कुठे, हा प्रश्न राहिला होता. त्यात तेल असतं, विहीर पडवीपासून वीस पावलांवर आहे. माडाच्या आळ्यात ओतायचं मनात आलं होतं, ते सोडून दिलं. जुन्या कॅनमध्ये साठवतो, तेल वर येतं, ते भुशाने टिपून घेतो, आणि कॅन भरला की आबांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाबरोबर देतो.

तो वरच्या वाडीतला गणपती. गाल आठवडाभर सुकू दिला. मग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने ओघळ उतरवले, पांढरा हात पुन्हा दिला, आणि नवी टाकी बसल्यावर अंगरंग तीन पातळ हातांत चढवला. प्रत्येक हाताआधी गन मिनिटभर कोऱ्या कागदावर मारून घेतली. कागद कोरडा राहिला. आखणी वडिलांनी केली, डोळे आमच्याकडे अजून तेच उघडतात.

हरतालिकेच्या संध्याकाळी त्या घरचे लोक आले. पाटाखालचं नाव वाचलं, विडा ठेवला, मूर्तीवर प्लास्टिक घातलं आणि थोरल्याने गणपती डोक्यावर घेतला. पाऊस होताच. वळणापर्यंत मी त्या प्लास्टिकमधून दिसणारा डावा गालच बघत राहिलो.

चतुर्थीच्या पहाटे शेवटचा पाट गेला आणि पडवी रिकामी झाली. झाडून काढायच्या आधी मी मशीनपाशी गेलो, प्लग काढलेला आहे ना ते बघितलं आणि पेला धरून दांडी वळवली. ७ सप्टेंबरच्या चौकोनात, गणेश चतुर्थी छापलंय त्याच्या खाली, लिहिलं आहे ४० मिली.